काडेपेटीची जागा

खंडेनवमीला आमच्या बुलढाण्याच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरतात आणि तिच्यावर घरातली कामाची अवजारं मांडतात. आजोबांचा विळा, बाबांची खामगावच्या प्रेसमधली आकडी, मायची विळी आणि कात्री. गेली बारा वर्षं त्याच रांगेत माझं सामानही असतं: हेल्मेट, हार्नेस, दोन कॅराबिनर, राखीव पॅराशूट आणि पिशवीत घडी घातलेली विंग. माय एकेका वस्तूला हळद-कुंकवाचं बोट लावत येते. विंगपाशी आली की तिचा हात थांबतो. त्या कापडाला तेल, ओल, डाग काही चालत नाही, हे मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मग ती पिशवीच्या बाहेरच्या बंदाला बोट टेकवते, वर झेंडूचं फूल ठेवते आणि विचारते, "यंदा किती दिवस?"

"पंधरा."

"आन् डोंगरात रात्री किती?"

तिला रात्रींचीच काळजी असते, आणि बारा वर्षांनंतर मला कळलंय की तिचाच प्रश्न बरोबर आहे.

मी पॅराग्लायडिंग शिकवतो. मोसमातले बरेचसे महिने कामशेतच्या टेकड्यांवर जातात. पण दसरा झाला की आधी हिमाचलातल्या बीरला जातो. तिथून धौलाधारच्या रांगेवर चार-पाच अनुभवी पायलट घेऊन लांबच्या उड्डाणांची मोहीम असते. दिवसभर उडायचं, संध्याकाळी डोंगरावरच एखाद्या कुरणात उतरायचं, तिथंच झोपायचं आणि सकाळी ऊन तापलं की तिथूनच पुन्हा हवेत. हवेनं साथ दिली नाही तर सगळं सामान पाठीवर घेऊन चालायचं. फ्रेंच लोक याला 'व्होल-बिव्हुआक' म्हणतात, म्हणजे उडायचं आणि उघड्यावर मुक्काम करायचा. पॅराग्लायडिंगचा खेळच १९७८ साली फ्रान्समधल्या मियूसी गावच्या उतारावर सुरू झाला, तेव्हा शब्दही तिकडचेच रूढ झाले. २००३ पासून आल्प्स पर्वतात चालत आणि उडत शेकडो किलोमीटर पार करण्याची 'रेड बुल एक्स-आल्प्स' ही शर्यत होते. आमची मोहीम शर्यत नव्हे. पण आपलं घर आपल्या पाठीवर, हे दोन्हीकडे सारखंच.

उडायचं वेड मला हिमालयानं लावलं नाही, ते राजूर घाटानं लावलं. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर वसलंय आणि मलकापूरच्या रस्त्यानं निघालं की राजूर घाटात हा डोंगर एकदम संपतो. खाली मोताळ्याकडची सपाट रानं पसरलेली. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेल्या काळ्या रानातून वावटळ उठायची. पाचोळा गोल फिरत वर चढायचा, मोठी माणसं लेकरांना बाजूला ओढायची. मी मात्र वर बघत राहायचो, कारण थोड्या वेळानं नेमकी त्याच जागेवर एखादी घार पंख न हलवता गिरक्या घेऊ लागायची. काळी माती भोवतालच्या रानापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर सुटते आणि घार त्या हवेवर स्वार होते. आम्ही पायलट त्याला 'थर्मल' म्हणतो. घाटावरच्या त्या घारीपाशी सामान काहीच नव्हतं. माझ्यापाशी साडेवीस किलो असतं.

या साडेवीस किलोंबद्दलच मला लिहायचंय.

सामान भरायला मी बुलढाण्यातच सुरुवात करतो, कारण बीरला पोचल्यावर डोकं थाऱ्यावर नसतं. तिथं आकाश मोकळं दिसलं की सगळ्यांना उडायची घाई होते. घरी मात्र तीन दिवस हातात असतात. पहिला दिवस विंगचा. माडीवर स्वच्छ चादरी अंथरून मी ती पूर्ण उघडतो. पंचवीस चौरस मीटरचं कापड, वजन जेमतेम चार किलो. नायलॉनचं हे कापड इतकं तलम असतं की त्याचा चौरस मीटरभर तुकडा तीस-पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचा कप्पा न् कप्पा मी खिडकीच्या उजेडासमोर धरून बघतो. कुरणात उतरल्यावर घाईनं घडी घातली की आत नाकतोडे अडकतात. अडकलेला नाकतोडा बाहेर पडायला वाट शोधतो आणि कापड कुरतडतो. आमच्या घरी धान्याची कोठी आहे, म्हणून उंदरांचीही भीती असते. हार्नेसच्या खिशात राहिलेला बिस्किटाचा चुरा उंदराला पुरेसं निमंत्रण असतो. म्हणून सगळे खिसे उलटे करून झटकल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. दोर तर एकेक करून बोटांतून सोडतो. मिलिमीटरभर जाडीचे हे दोर माझा जीव तोलतात. डोळ्याला न दिसलेली खरवड बोटाला कळते.

घडीचं काम मायकडून शिकलो. विंगच्या पुढच्या कडेत प्लास्टिकच्या बारीक काड्या असतात. त्या वाकल्या की विंगचं नाक बिघडतं आणि तिचं उडणंही. म्हणून विंग गुंडाळता येत नाही. एकेक कप्पा दुसऱ्या कप्प्यावर नीट बसवत, सगळी नाकं एका रेषेत आणत घडी घालावी लागते. पहिल्या वर्षी मी तासभर झटापट केली. काठ सुटत होते, घडी फुगत होती. माय दारात उभी राहून बघत होती. शेवटी आत आली, खाली बसली आणि म्हणाली, "अरे, ह्या निऱ्या हायेत. काठाले काठ लाव, मंग पोट आपोआप बसते." तिनं आयुष्यभर नऊवारी नेसली आहे. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांमध्ये कप्पे एकामागून एक येत गेले, अंगठा प्रत्येक काठावर दाबत गेला, आणि दहा मिनिटांत पंचवीस चौरस मीटर कापड तिच्या मांडीवर लुगड्यासारखं पडून होतं. तेव्हापासून शिकाऊ पायलटांना घडी शिकवताना मी 'कॉन्सर्टिना' हा शब्द वापरत नाही. 'निऱ्या घाला' म्हणतो. ज्यांनी आईला लुगडं किंवा साडी नेसताना पाहिलंय, त्यांना एका शब्दात कळतं.

दुसरा दिवस राखीव पॅराशूटचा. विंग हवेत मिटली, दोर गुंतले आणि सुटण्याची आशा उरली नाही, तर हे रिझर्व्ह हातानं फेकायचं असतं. ते सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं उघडून पुन्हा भरावं लागतं. दाबून ठेवलेलं कापड एकमेकांना चिकटतं, ओल धरतं आणि ऐनवेळी उघडायला वेळ लावतं. म्हणून आदल्या रात्रीच मी ते माडीच्या आढ्याला टांगून हवा खाऊ देतो. सकाळी दार आतून लावून घेतो आणि फोन बंद ठेवतो. माझं रिझर्व्ह गोल आहे, अठरा पाकळ्यांचं. सगळे दोर सरळ करून ताणायचे, मग पाकळ्या एकेक करून मांडायच्या, नऊ डावीकडे आणि नऊ उजवीकडे. त्यांच्या लांब पट्टीला नागमोडी घड्या घालायच्या. दोर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे गुंडाळून रबरात अडकवायचे. रबरं दरवर्षी नवी, जुनं रबर तुटतं किंवा चिकटतं. मग सगळं आतल्या थैलीत, थैली हार्नेसच्या कप्प्यात आणि कप्प्याला पिना. या कामात मी पाकळ्या मोठ्यानं मोजतो. मध्ये कुणी हाक मारली तर मांडलेलं मोडून पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

भरून झालं की हार्नेस त्याच आढ्याला टांगून मी त्यात बसतो आणि मूठ ओढून बघतो. थैली सहज बाहेर आली, तरच ते भरणं खरं. मग पुन्हा आत भरायचं. बाबा तेवढे आत, खुर्चीवर बसून हे सगळं न बोलता पाहतात.

बाबांनी खामगावात जिनिंग-प्रेसिंगमध्ये हयात घालवली. कापसाच्या गाठी दाबताना पाहिलेला माणूस. एक गाठ १७० किलोची. गाडीभर पसरलेला कापूस यंत्राखाली गेला की आवळून बांधलेला चौकोन होऊन बाहेर यायचा. एका वर्षी मी पिशवीचे पट्टे ओढून ओढून सामान दाबत होतो. पिशवी लहान दिसू लागली म्हणून मी खूश. बाबा म्हणाले, "दाबल्यानं वस्तू लहान होते, हलकी होत नाही. गाठ उचलणाऱ्याले इचार." तेव्हापासून पिशवी किती लहान झाली हे मी बघत नाही. प्रत्येक वस्तू ताणकाट्याला लावतो आणि वहीत लिहितो. पिसांची स्लीपिंग बॅगही मी वर्षभर सैल, मोठ्या सुती पिशवीत ठेवतो. दाबून ठेवलेली पिसं गादीतल्या जुन्या कापसासारखी बसतात आणि मग ऊब धरत नाहीत. गादी पिंजून घेता येते, पिसं पिंजता येत नाहीत.

माझ्या वहीतलं पान असं असतं: विंग ४ किलो, हार्नेस ३, रिझर्व्ह १.३, हेल्मेट अर्धा. एकट्याचा तंबू १, स्लीपिंग बॅग १, खाली घालायची चटई ०.४. छोटी शेगडी आणि भांडं अर्धा. तीन दिवसांचं खाणं २. पाणी ३. कपडे २. व्हेरिओ (हवेत किती वेगानं चढतोय-उतरतोय ते सांगणारं यंत्र), वॉकीटॉकी, बॅटऱ्या मिळून १. औषधं, सुई-दोरा, विंगला लावायच्या चिकटपट्ट्या, चाकू, शिट्टी वगैरे ०.८. बेरीज साडेवीस. माझं वजन ७०. म्हणजे विंगखाली लटकणार साडेनव्वद किलो.

इथं डोंगर चढणाऱ्या आणि उडणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा होतो. चढणाऱ्याला प्रत्येक किलो नकोसा. उडणाऱ्याच्या विंगवर मात्र कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही मर्यादा छापलेल्या असतात. माझ्या विंगची मर्यादा ८० ते १०० किलो. वजन फार वाढलं तर विंग वेगानं जाते आणि तिची प्रत्येक हालचाल तिखट होते. फार कमी झालं तर कापडात हवेचा ताण राहत नाही आणि खळबळीच्या हवेत ती मिटण्याची शक्यता वाढते. तीन दिवसांत खाणं-पाणी संपून पाच किलो उतरतात आणि मी साडेपंच्याऐंशीवर येतो. तेव्हाही मर्यादेत राहिलो पाहिजे. म्हणून मोहिमेचा शेवटचा दिवस मी पहिल्या दिवसाआधीच वहीत मांडून बघतो.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठं आहे याला महत्त्व असतं. जड वस्तू पाठीला लागून, मधोमध. पाणी आणि खाणं मागे लांब गेलं तर हार्नेस मागे कलतो, आणि विंग एका बाजूनं मिटली की दोरांना पीळ पडण्याचा धोका वाढतो. हे सगळं मी पुस्तकांतून आणि गुरूंकडून शिकलो होतो. पहिल्या मोहिमेला निघालो तेव्हा माझं वजन चोख होतं, तोल चोख होता. पिशवी उत्तम भरली आहे अशी माझी खात्री होती. चूक कळायला धौलाधारच्या कुरणावरची एक संध्याकाळ लागली.

भुसावळहून झेलम एक्स्प्रेसनं पठाणकोट, तिथून बसनं बैजनाथ आणि पुढं बीर. बीरच्या उतरणीच्या मैदानाची उंची साधारण १४०० मीटर, वर बिलिंगचं उड्डाणाचं मैदान सुमारे २४०० मीटरवर. २०१५ च्या ऑक्टोबरात पॅराग्लायडिंगच्या विश्वचषक मालिकेतली स्पर्धा इथंच झाली होती. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर पावसाळ्यामुळे उड्डाणांना बंदी असते. त्यानंतर हवा धुऊन निघते आणि ऑक्टोबरात सकाळी दहा-अकराला बिलिंगच्या उतारावर थर्मल सुटू लागतात. धौलाधारची भिंत उजव्या हाताला धरून धरमशालेच्या दिशेनं जायचं. हिमालयीन गिधाडं सोबतीला असतात. राजूर घाटातली घार जे करायची तेच ती करतात, फक्त पंखांचा विस्तार पुरुषभर उंचीच्याही वर.

त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर हवा मंदावल्यामुळे सुमारे ३००० मीटरवरच्या एका थाचात उतरलो. थाच म्हणजे गद्दी मेंढपाळांचं उंचावरचं कुरण. उतरणं छान झालं. विंग गोळा करेपर्यंत सूर्य कड्यामागे गेला, आणि हिमालयात सूर्य मागे गेला की थंडी पायऱ्या न मोजता उतरते. मला हेडलॅम्प हवा होता. तो पिशवीच्या तळाशी होता. वरून आधी मी तिसऱ्या दिवसाचं खाणं काढलं, मग शेगडी, मग तंबू. वाऱ्यानं तंबूची पिशवी उडवून नेली. हातमोजे कुठल्याशा खिशात होते, पण कुठल्या ते आठवेना. बोटं बधीर झाल्यावर सगळ्या चेन सारख्याच लागतात. हेडलॅम्प सापडेपर्यंत माझं अर्धं सामान अंधारात गवतावर पसरलं होतं. शेगडीचा ठिणगी पाडणारा लायटर पेटेना. काडेपेटी मी घेतली होती. ती औषधांच्या डब्यात होती, आणि औषधांचा डबा मला दिसत नव्हता.

खालच्या बाजूनं कुत्रा भुंकला आणि मग एक म्हातारा गद्दी वर आला. मेंढ्या घेऊन तो खाली निघाला होता. अंगात लोकरीचा घोळदार चोला आणि कमरेला लोकरीच्या दोराचे कितीतरी वेढे. त्या दोराला हे लोक डोरा म्हणतात. चोल्याच्या पोटात एक कोकरू, डोकं बाहेर काढून बसलेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पसरलेल्या सामानाकडे पाहिलं. एक हात कोकरावर तसाच ठेवून दुसरा डोऱ्याच्या वरच्या घडीत घातला आणि न बघता काडेपेटी काढली. "पहले हाथ सेको," एवढंच म्हणाला. शेगडीच्या ज्योतीवर मी हात धरले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्यापाशी ना पट्टे होते ना चेन. एक चोला आणि एक दोर. पण लागेल ती वस्तू कुठं आहे हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

तंबूत पडल्यावर मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. मी शाळेत असताना भारनियमनाची वर्षं होती. दिवे कधी जातील सांगता येत नसे. वीज गेली की आम्ही भावंडं ओरडायचो आणि माय बसल्या जागेवरून हात लांब करायची. चुलीच्या डावीकडच्या कोनाड्यात, घासलेटच्या चिमणीच्या मागे, काडेपेटी. तिथून काडेपेटी कुणी हलवली तर घरात बोलणी बसायची. एकदा मी ती खेळायला नेऊन खिडकीत ठेवली. त्या रात्री दिवे गेले तेव्हा तिनं रागावण्याआधी चिमणी लावली, मग म्हणाली, "घरात हाय, पर अंधारात हाताले गवसत नाही. मंग असून काय कामाची?" त्या थाचात, तीन हजार मीटरवर, माझ्या पिशवीत सगळं होतं. हाताला गवसत काहीच नव्हतं.

त्या मोहिमेनंतर मी सामान भरायची पद्धत बदलली. आधी मी विचारायचो, ही वस्तू हवी का आणि वजन किती? आता तिसरा प्रश्न पहिला आला: ही लागेल तेव्हा माझे डोळे, बोटं आणि डोकं कसं असेल? उंचीवर या तिघांचाही भरवसा नसतो. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. बीरला २५ अंश असतील तर चार हजार मीटरवर आठच्या आसपास, आणि त्यात ताशी ३५-४० किलोमीटरचा वारा सतत अंगावर. बोटं दगड होतात. चार हजार मीटरवर फुप्फुसांना मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जवळपास येतो. डोकं मंदावतं, आणि मंदावलंय हे त्या डोक्याला कळत नाही. अशा वेळी आठवावं लागणारी जागा ही जागाच नव्हे. हाताला पाठ असलेली जागाच कामाला येते.

म्हणून माझ्या सामानाच्या आता तीन जागा आहेत. पहिली, हवेत असताना लागणारं: रिझर्व्हची मूठ, दोर कापायचा चाकू, शिट्टी, पाण्याची नळी, गूळ-शेंगदाण्याची पुडी. हे सगळं डोळे मिटून हाताला आलं पाहिजे. आणि मूठ सोडून यातलं जे काही बाहेर निघतं ते दोरीनं बांधलेलं असतं. हवेत हातातून सुटलेली वस्तू पुन्हा दिसत नाही, शिवाय खाली गाव असतं, माणसं असतात. दुसरी जागा, उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लागणारं: उबदार जॅकेट, कोरडे हातमोजे, टोपी, हेडलॅम्प. हे पिशवीच्या अगदी वर. तिसरी जागा बाकी सगळ्याची, आणि तीही उलट्या क्रमानं. तिसऱ्या दिवसाची भाकरी तळाशी, पहिल्या रात्रीचा तंबू वर. पॉवर बँक आणि जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात, कारण थंडीत त्यांची शक्ती लवकर उतरते. आणि काडेपेटीची एक डबी, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची, घट्ट झाकणाची. ती छातीच्या डाव्या खिशात. घरून डबी रिकामीच निघते. शेगडीचा गॅस रेल्वेत नेता येत नाही, तो आणि काड्या दोन्ही बीरच्या दुकानातून घेतो. पण रिकामी डबीसुद्धा मी बुलढाण्यातच खिशात ठेवतो, म्हणजे प्रवासभर हात तिथं जात राहतो.

खाण्याची जबाबदारी माय कुणाला देत नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, फुटाणे, सातूचं पीठ, गूळ. बाजारातली पाकिटं मी वापरून पाहिली आहेत. ती हलकी असतात हे खरं. पण थंडीनं घशाला कोरड पडलेली असताना गूळ घातलेलं सातूचं पातळ पीठ जसं उतरतं तसं दुसरं काही उतरत नाही. माझे मामा शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत महिनाभर चालत पंढरपूरला जातात. त्यांच्या खांद्याच्या झोळीतही हेच असतं. त्यांनी मला सांगितलेला नियम मी पाळतो: शिदोरीत एका माणसाचं जास्त ठेवायचं, वाटेत कुणीतरी भेटतंच. त्या गद्द्यानं माझ्या दोन दशम्या खाल्ल्या होत्या.

सामानातली शेवटची गोष्ट पिशवीत जात नाही, ती घरी राहते. मी एका कागदावर रोजचा अंदाजे मार्ग, उतरायच्या संभाव्य जागा, सोबतच्या पायलटांचे फोन आणि 'इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं' हे लिहून बाबांना देतो. तशीच प्रत बीरला ठेवतो. परदेशात पायलट खिशात उपग्रह-संदेशक घेऊन उडतात. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे, आणि तो घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे. मोबाईलची रेंज दऱ्यांमध्ये जाते. वॉकीटॉकी डोंगराच्या आड पोचत नाही. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून त्याची वाट जगाला कळली. कॉलर नसती तर तो इतक्या शेतांमधून, रस्त्यांवरून गेल्याचं कुणालाच कळलं नसतं. आमच्या गळ्यात अशी कॉलर नाही, म्हणून तो कागद. धौलाधारच्या जंगलात पडलेल्या माणसाला शोधायला कुठून सुरुवात करायची, हे त्या कागदावरच ठरतं.

आता मोहिमेला नवा पायलट आला की मी त्याची पिशवी उघडून बघत नाही. त्याला हार्नेसमध्ये बसवतो, डोळ्यांवर रुमाल बांधतो आणि एकेक नाव घेतो. मूठ. चाकू. शिट्टी. हातमोजे. हेडलॅम्प. लहानपणीची आंधळी कोशिंबीरच, फक्त शोधायची माणसं नसून वस्तू. मागच्या मोसमात पुण्याचा एक तरुण आला होता. सामान उत्तम, महागाचं, वजन माझ्यापेक्षा दोन किलो कमी. डोळे बांधल्यावर रिझर्व्हची मूठ सापडायला त्याला सात-आठ सेकंद लागले. हवेत गरगरत खाली येताना तेवढा वेळ मिळेलच असं नाही. मी त्याला काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत तो झाडाला टांगलेल्या हार्नेसमध्ये बसून राहिला आणि मूठ शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी मी नाव उच्चारायच्या आत त्याचा हात मुठीवर होता. मगच आम्ही बिलिंगला गेलो.

लांबच्या वाटेला निघणाऱ्या प्रत्येकाला, मग तो विंग घेऊन जाणारा असो, सह्याद्रीत गड चढणारा असो की पालखीसोबत चालणारा, माझं एकच सांगणं आहे. पिशवी भरून झाली की घरातले दिवे घालवा. अंधारात बसा आणि ज्या पाच वस्तूंवाचून रात्र निघणार नाही त्या हातानं शोधून काढा. एकही चाचपडावी लागली तर पिशवी रिकामी करा आणि पुन्हा भरा. घरात वेळ असतो, डोंगरात नसतो.